पुरं न होणारं घर

१

ज्या चोरानं काहीच नेलं नाही, त्याला चोर म्हणायचं का? हा प्रश्न मला मार्चच्या ऐन उन्हात, मादन हिप्परग्यातल्या एका नव्याकोऱ्या घराच्या मागच्या भिंतीपाशी उभा असताना पडला.

मी प्रणेश. आळंदच्या एका बँकेत घरकर्ज बघतो. कुणाचं घर बांधून झालं की फटफटीवरून जायचं, फोटो काढायचे आणि एका छापील कागदावर बारा खुणा करायच्या. छत, दारं, खिडक्या, फरशी, गिलावा, नळ, वीज, अशा बारा. बारा झाल्या की घर पूर्ण आणि सरकारची व्याजातली सवलत मंजूर. अकरा झाल्या तर सवलत गेली. सरकारला बारा कळतात, अकरा कळत नाहीत.

हे घर प्रेरणा सिस्टरचं, तिच्या एकटीच्या नावावर. ती गावच्या आरोग्य केंद्रात नर्स. लग्नाला नऊ वर्षं झाली आणि तेवढ्यात पाच भाड्याच्या खोल्या बदलून झाल्या. नवरा राजपाल शाळेची व्हॅन चालवतो. घर बांधलं ते तिच्या वडिलांनी, नरसिंगमामांनी. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. बायको फार वर्षांपूर्वी वारली, तेव्हापासून एकुलती लेक हेच त्यांचं जग.

घर इतकं सुरेख झालं होतं की पहिल्या गुरुवारी मी दारातूनच अकरा खुणा करून टाकल्या. मग मागच्या खोलीत गेलो तर मधली एक शहाबादी फरशी गायब. खाली वाळूचा चौकोन. फरशी कुठं होती? त्याच खोलीत, भिंतीला टेकवून, खाली गोणपाट अंथरून. एक टवकासुद्धा उडाला नव्हता.

दुसऱ्या गुरुवारी फरशी जागेवर होती. पण स्वयंपाकघराच्या खिडकीचं झडप निखळलेलं. ओट्यावर आडवं ठेवलेलं, आणि बिजागरीचे स्क्रू पितळेच्या एका वाटीत मोजून घातलेले.

आज तिसरा गुरुवार. आणि आज त्याच खिडकीखाली, बाहेरच्या पिवळ्याधमक भिंतीला, सुपाएवढं भगदाड. आतली वीट दिसत होती.

"साहेब, काल सांजपस्तोर ही भिंत चांगली होती," राजपाल रडकुंडीला येऊन म्हणाला. "आज पहाटं मीच पाईप घेऊन पाणी मारलो, धूळ जावी म्हणून. मग शाळेची फेरी करून आलो, तर हे!"

प्रेरणाही तिथंच होती. ड्यूटीवरून तशीच आली होती, पांढऱ्या कोटातच. तिनं भगदाडावरून एकदा हात फिरवला आणि मला विचारलं, "किती दिवस राहिले?"

"मंगळवारी महिना संपतो," मी म्हणालो. "सोमवारी कागद गेला नाही, तर सवलत रद्द. मग हप्ता दीडपट होईल, ताई."

"दीडपट मला झेपणार न्हाई. घर इकावं लागंल," ती शांतपणे म्हणाली. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात कुंपणापलीकडून आवाज आला, "राजपाल, कुणीबी त्या भिंतीला हात लावू नका! आन् साहेब, तुमी तर अजिबात हलू नका. तुमच्या बुटाला काय लागलंय ते मला बघू द्या."

२

आवाज संध्याक्काचा होता. गावच्या वाचनालयाच्या त्या ग्रंथपाल. वय पन्नास, आवाज शाळेच्या घंटेचा, आणि वाचनालयातली प्रत्येक रहस्यकथा तीनदा वाचून त्यातल्या पोलिसांना नावं ठेवण्याची हौस. प्रेरणाला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून त्या ओळखत होत्या.

माझे बूट नवे होते, त्यामुळे मी जरा नाराजीनंच पाय वर केला. तळव्याला काळी, चिकट माती लागली होती.

"अंगणात काय भरलंय?" अक्कांनी विचारलं.

"मुरूम," राजपाल म्हणाला. "तांबडा मुरूम. पाच ट्रॅक्टर."

"मग काळी माती कुठनं आली?"

अक्का भिंतीशी बसल्या. भगदाडाखालून जमिनीपर्यंत एक ओघळ उतरला होता, काळसर आणि मधूनच पिवळा. त्यांनी तो नखानं खरवडला, मग जमीन न्याहाळली आणि उठताना गुडघ्याला दोन शिव्या घातल्या. त्या जागी काय नव्हतं, ते त्यांना दिसलं आणि मला दिसलं नाही. ते मला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि मी स्वतःला बैल म्हणून घेतलं.

"साहेब, तुमाला आज आळंदला काय काम हाय का?"

"आहे की. चार घरं बघायची आहेत."

"ती घरं कुठं पळून जायलीत? चला माझ्यासंगट. तुमच्या हातात कागद आन् खिशाला पेन हाय, लोक खरं बोलतील."

आणि खरं सांगतो, मी गेलो. बँकेत लागल्यापासून मला पहिल्यांदाच कुणीतरी उपयोगाचा समजत होतं.

गावात विचारलं तर तिघांची नावं निघाली. पहिला शिवप्रसाद, प्रेरणाचा सध्याचा घरमालक, ज्याचं भाडं आता बुडणार होतं. दुसरी शेजारीण गौरम्मा, जिचा स्वतःचा घराचा अर्ज दोनदा नामंजूर झाला होता. आणि तिसरं नाव लोक आवाज खाली करून घेत होते. खुद्द राजपालचं. बायकोच्या नावावर घर झाल्यापासून स्टँडवरचे मित्र त्याला 'काय जावयबापू, भाडं दिलाव का?' म्हणून छळत.

"नरसिंगमामा काय म्हणतात?" मी विचारलं. "राखणीला ते ओसरीवर झोपतात ना?"

"रोज झोपतात. फक्त काल न्हवते," अक्का म्हणाल्या. "काल दुपारच्या गाडीनं करजगीला भैणीकडं गेले. आज येतील."

म्हणजे चोराला हे ठाऊक होतं. मामांची पाठ फिरताच त्यानं डाव साधला होता. मी हे मोठ्या उत्साहानं अक्कांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आन् आदीच्या दोन टायमाला? तवा तर मामा तिथंच घोरत होते."

३

शिवप्रसाद घरी नव्हताच. त्याच्या बायकोनं सांगितलं, गाणगापुरात त्यांचं प्रसादाचं दुकान आहे, गुरुवारी तिथं महाराष्ट्रातून माणूस लोटतं, म्हणून तो बुधवारी सकाळी जातो तो शुक्रवारी येतो. "दोन वर्षांत एक गुरुवार चुकला न्हाई. लेकीच्या साखरपुड्याला सुदिक आला न्हाई तो!"

अक्कांनी तिन्ही चोऱ्या मोजल्या. तिन्ही वेळा बुधवारी संध्याकाळपर्यंत घर धड होतं आणि गुरुवारी सकाळी बिघडलेलं. शिवप्रसाद सुटला. मला जरा वाईट वाटलं, कारण त्याच्या दारावरची पाटी बघूनच मी त्याला मनात आत टाकला होता. 'भाडेकरूंनी चपला बाहेर काढाव्यात.'

गौरम्मा मात्र घरात होती, शेंगा फोडत बसली होती. अक्कांनी येताना ओट्यावरून उचललेली ती पितळेची वाटी पिशवीतून काढली आणि तिच्यापुढं ठेवली. वाटीच्या काठावर कानडीत नाव कोरलेलं होतं. गौरम्माचंच.

"अय्यो!" गौरम्मानं वाटी झडप घालून उचलली. "ही कुठं सापडली? मी चार महिने हुडकायलेय की!"

"चोरीच्या जागी सापडली," मी कडक आवाजात म्हणालो. मला वाटलं आता ती पांढरीफटक पडणार.

ती पडली नाही. माझ्यावरच खेकसली. "चोरी? माझी वाटी माझ्याच नावानं ठेवून मी चोरी करते व्हय? लग्नात भांड्यावर नाव कशाला घालतात, ठावं हाय का तुमाला? हरवू नये म्हणून!"

"मग ती त्या घरात गेली कशी?" अक्कांनी विचारलं.

"मी हुग्गी दिलते की त्यात. घराचा स्लॅब टाकला त्या दिशी. गव्हाची हुग्गी, गूळ-तूप घालून." गौरम्मा जरा निवळली. "भरलेली वाटी गेली की रिकामी परत येत न्हाई. ते बी काहीतर घालून देतील म्हणून मी वाट बघितले. आता गोडाधोडाचं कोण करणार त्या घरात? पोरगी दिवसभर दवाखान्यात. म्हणून ऱ्हायली असंल तिथंच."

"आन् गौराक्का, खरं सांग. तुझा अर्ज गेला आन् तिचा पास झाला. वाईट वाटलं न्हाई?"

गौरम्मानं दोन शेंगा फोडल्या. "वाटलं की. आठ दिस बोलले न्हाई मी. मग माझ्या सुनंला रात्री कळा आल्या, तवा ही पोरगी अनवाणी पळत आली. आता माझा नातू तिचं नाव घेतलं की हसतो. मी तिचं घर फोडू?"

बाहेर आल्यावर अक्का एका लिंबाखाली थांबल्या. "साहेब, राजपाल हुग्गी खातो का?"

"मला कसं माहीत?"

"खात न्हाई. चहासुदिक बिनसाखरेचा. लग्नात जिलेबी बघून तोंड फिरवतो. म्हणजे ती वाटी त्याच्या हातात गेलीच न्हाई. आन् दुसरं. भगदाड त्यानं पाडलं असतं, तर तुमी यायच्या दिशीच त्या भिंतीला पाणी मारून सगळ्यांना तिकडं कशाला बघायला लावलं असतं?"

"मग राहिलं कोण? तिघंही सुटले."

"तेच की," अक्का म्हणाल्या. "चुकीचा सवाल इचारलो आपण. हे घर कुणाला मोडायचं हाय, असं इचारलो. पर मोडणारा गोणपाट अंथरतो का? स्क्रू वाटीत घालून ठेवतो का?"

त्या एकदम चालायला लागल्या. "चला. तुमाला गावातली चार घरं दाखवते. तुमचा तो बारा खुणांचा कागद काढून ठेवा."

४

पहिलं घर कुलकर्ण्यांच्या जानकीबाईंचं. सत्तरीच्या, टापटीप. "नरसिंगचं काम म्हणजे सोनं हो," त्यांनी कॉफी देता देता सांगितलं. "बावीस वर्षांत एक भेग नाही. फक्त देवघरातला तो कोनाडा बघा. आतून गिलावाच केला नाही त्यानं. उद्या येतो, उद्या येतो म्हणाला, तो उद्या अजून उजाडतोय."

दुसरं घर गुरुशांतप्पा किराणावाल्याचं. नामी घर. पण गच्चीच्या कठड्यावर शेवटची वीट नव्हती. "ईसरला असंल," गुरुशांतप्पा हसला. "तिथं आता कबुतर बसतंय. त्याची सोय झाली."

तिसरी इमारत म्हणजे अक्कांचं वाचनालय. दाराच्या तीन पायऱ्यांपैकी खालची कोपऱ्यात अर्धवट. "बारा वरसं माझा अंगठा हितं आपटतोय," अक्का म्हणाल्या, "आन् बारा वरसं मी मामांना बडबडतेय. डोळ्यापुढं होतं, साहेब. दिसलं न्हाई."

मी कागदावर नोंद करत होतो. जानकीबाई, अकरा खुणा. गुरुशांतप्पा, अकरा. वाचनालय, अकरा. चाळीस वर्षांत या माणसानं एकही घर बारावर नेलं नव्हतं!

"एक हाय," अक्का म्हणाल्या, आणि मला पुन्हा शिवप्रसादच्या घरी घेऊन गेल्या.

शिवप्रसादच्या बायकोला आता माझा कंटाळा आला होता, तरी तिनं घर दाखवलं. मी कोनाडे बघितले, कठडा बघितला, पायऱ्या, माळा, न्हाणीघर, सगळं. कुठंच काही राहिलेलं नव्हतं. बाराच्या बारा.

"हे घर कुणी बांधलं?" मी विचारलं.

"नरसिंगअण्णानंच," ती म्हणाली. "सोतासाठी बांधला होता. बायकोला लई हौस होती घराची. राहायला आले अन् दोन महिन्यांत ती गेली बिचारी. मग अण्णानं माझ्या सासऱ्याला मातीमोल भावात इकून टाकला. कामून इकला, कुणालाच कळलं न्हाई. इतकं पुरं, देखणं घर!"

अक्का दारातच थांबल्या होत्या. त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि माझ्यावरच डाफरल्या, "बघायलाव काय? करजगीची गाडी यायची येळ झाली."

५

रहस्यकथांमध्ये शेवटी सगळ्यांना एका खोलीत बसवतात आणि हेर उभा राहून बोलतो. संध्याक्कांना ते पसंत नव्हतं. "गाव गोळा करून कुणाचं नाक कापायचं न्हाई," त्या म्हणाल्या. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या घराच्या स्वयंपाकघरात आम्ही पाचच जण होतो. मामा नुकतेच थापी आणि घमेलं घेऊन भगदाड बुजवायला निघाले होते. उंच, सडसडीत माणूस, पांढरा सदरा, खिशाला निळा बिल्ला.

"मामा, जयभीम. जरा बसा," अक्का म्हणाल्या. "एक गोष्ट सांगायचीय. विजेचं मीटर यायला पंधरा दिस लागले. त्या पंधरा दिसांत ह्या घरात काही बिघडलं का?"

"न्हाई," राजपालनंच उत्तर दिलं.

"मीटर बसलं, घर पुरं झालं आन् फरशी निघाली. फरशी बसवली आन् झडप निघालं. झडप बसवलं आन् भिंत गेली. एक टायमाला एकच गोष्ट, तीबी सगळं पुरं झाल्यावरच. ह्या माणसाला घर मोडायचं न्हवतं. त्याला घर पुरं होऊ द्यायचं न्हवतं."

मामा खाली बघत होते.

"भगदाडाखाली मला काय दिसलं न्हाई, सांगते. सिमेंटचा एक खडा न्हवता. गिलावा फोडला तर ढपल्या पडतात. हितं नुसता काळ्या मातीचा ओघळ. म्हणजे तिथं आता गिलावा न्हवताच. काळी माती लिंपून वर पिवळा रंग मारला होता. राजपालनं पाणी मारलं आन् माती ढासळली. कुणी करजगीला असू दे नाहीतर काशीला, ते काम आदीच झालं होतं. झडप बसवताना त्या जागी गिलावा उचकटला असं सांगून तो कुणी नव्यानं भरला?"

मला तेव्हा मी बैल असल्याचं कळलं.

"आन् हुग्गी," अक्का अगदी हळू म्हणाल्या, "ह्या घरात कोण खातं, मामा?"

मग मामांनी थापी खाली ठेवली.

"माझा उस्ताद मौलासाब," ते म्हणाले. "सोळा वरसाचा असताना त्याच्या हाताखाली लागलो. पहिल्याच दिशी सांगितला, 'घर पूरा हुआ बोले तो मालिक का दाना-पानी पूरा हुआ. एक चीज छोड़ देना.' मी हसलो. पर हाताला सवय लागली. सोताचं घर बांधलो तवा तरणा होतो. विहारात भाषणं करायचो, असल्या गोष्टी खोट्या म्हणून. आन् म्हणलो, घ्या, दावतोच पुरं करून. एकबी कोपरा सोडलो न्हाई." ते लेकीकडे वळले. "दोन महिन्यांत हिची आई गेली."

"अप्पा..." प्रेरणा पुढं झाली.

"अजून दर बुद्ध पौर्णिमेला मीच उभा ऱ्हातो बोलायला. गौरम्मानं दाराला कोहळा बांधला तर मीच हसतो. मग कुणाला सांगू, मला भ्या वाटायलंय म्हणून? कागद बारा मागतोय आन् माझा हात अकरावर थांबतोय. फरशी काढलो, झडप काढलो. मग म्हणलो, बाहेरनं पुरं दिसंल अन् आतनं ऱ्हाईल असं करू. साहेबाचंबी काम हुईल, पोरगीबी ऱ्हाईल. सोता गावात थांबलो न्हाई, डोळ्यानं बघवंना."

मी म्हणालो, "मामा, मी पुढून फोटो काढतो. मागची भिंत कोण बघतंय?"

"न्हाई," मामा ताडकन म्हणाले. "लेकीच्या पहिल्या घराच्या कागदात खोटं नको. लबाडी मी केलो ती केलो, आता तुमी नका करू."

चोर सापडला होता आणि घर होतं तिथंच अडलं होतं.

तेव्हा प्रेरणा बापासमोर फरशीवर मांडी घालून बसली.

६

"अप्पा, आई कशानं गेली?"

"काविळीनं."

"मी नोकरीला लागले त्या दिशी केंद्रात पहिल्यांदा काय केले ठावं हाय? त्या वरसाचं जुनं रजिस्टर हुडकले. त्या पावसाळ्यात गावात काविळीनं नऊ माणसं गेली. आई त्यात तिसरी. खालच्या विहिरीत गटाराचं पाणी शिरलं होतं. नावं पाठ हायत मला. त्या नऊ जणांतली चार माणसं तुमी बांधलेल्या घरात ऱ्हात होती. तुमीच सांगा, कुणाचं घर पुरं केलता?"

मामांनी बोटावर मोजायला सुरुवात केली. चाळीस वर्षांतलं प्रत्येक घर त्यांना तोंडपाठ होतं.

"राघोबा... राघोबाच्या चुलीमागची भिंत ऱ्हायलती. मलम्मा... तिची दिवळी. थोरला सायबण्णा... उंबऱ्याची दगडी चीप." ते थांबले. तीन बोटं दुमडलेली, चौथं हवेत. "चौथी?"

"चौथी आई."

"म्हणजे तिघांची अपुरी होती," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "अपुरी ठेवूनबी गेले की ते."

"गेले. इहीर बुजवली आन् कावीळ गेली. कुणी कोनाडा ठेवला म्हणून न्हाई गेली."

मामांनी दुमडलेली बोटं एकेक करून उघडली. "हे मलाच कसं दिसलं न्हाई गं? मीच तर सगळ्यांची घरं..." मग मान हलवून म्हणाले, "डोक्याला पटलं बघ. पर हाताला पटंना."

प्रेरणा उठली. पांढऱ्या कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि घमेल्यात सिमेंट ओतलं. "मग हाताला मी सांगते. चला. पाणी किती घालू?"

"एवढं न्हाई! चिखल करतीस का?" मामा ओरडले, आणि तिथंच अर्धं काम झालं. गवंड्याला चुकीचा माल कालवलेला बघवत नाही. त्यांनी तिच्या हातातून फावडं घेतलं. भगदाडातली सगळी काळी माती खरवडून काढली, विटा भिजवल्या, आणि पहिली थाप मारताना डोळे मिटले. लेकीनं त्यांच्या मनगटाखाली हात धरला होता. दुसऱ्या थापेला डोळे उघडले. दहाव्या थापेला ते राजपालला ओळंबा कसा धरायचा यावरून झापत होते. राजपाल इतका खूश झाला की विचारू नका. चोर सापडला, तो आपण नाही, आणि सासरे पहिल्यासारखे शिव्या देतायत!

गौरम्मा आवाज ऐकून कुंपणापाशी आली होती. "काय झालं? चोर घावला का?"

"घावला," संध्याक्का म्हणाल्या. "काळी माती होती. धुऊन गेली."

ते खोटं नव्हतं, आणि गौरम्माचं त्यावर समाधानही झालं.

शनिवारी मी बारावी खूण केली. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात ठळक खूण असेल, कागद फाटायचा तेवढा राहिला. रविवारी नव्या घरात बौद्ध रीतीनं परित्राणपाठ झाला, गावजेवण झालं, गौरम्मानं हुग्गी केली आणि मामा तीन वाट्या खाऊन उठले. संध्याकाळी भाड्याच्या खोलीतलं शेवटचं सामान व्हॅनमधून आलं. प्रेरणाला मात्र पंगत उठता उठताच केंद्रातून बोलावणं आलं. एक बाई अडली होती.

सोमवारी सकाळी कागदावर तिची एक सही घ्यायची होती, म्हणून मी साडेसातलाच पोचलो. दार लोटलेलं होतं, राजपालची व्हॅन शाळेच्या फेरीला गेलेली. ओसरीवर मामा बसलेले, भिंतीला पाठ, डोळे दारावर. शेजारी चहाचा पेला, त्यावर साय धरलेली.

"कधीपासून बसलाय मामा?"

"पोरगी पहाटं तीनला आली. मग झोपली. तवापासनं." त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. "अजून उठली न्हाई. रोज सहाला उठती."

"दमली असेल हो."

"व्हय. दमली असंल. नव्या घरातली पहिली झोप." ते म्हणत होते आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. "साहेब, तुमी मारता का हाक? माझ्यानं हुईना."

मीही दारावर हात उचलला आणि तो तसाच राहिला. शिकलेला, सवरलेला, बँकेचा माणूस मी. पण त्या क्षणी मामांची भीती माझ्याही अंगात शिरली. लाज वाटली, तरी ती जाईना.

तेवढ्यात आतून पावलं वाजली. दार उघडून प्रेरणा बाहेर आली. केस पिंजारलेले, एका गालावर उशीची घडी उमटलेली.

"अप्पा! कामून हितं बसलाव थंडगार फरशीवर? गुडघा दुखतो म्हणून मग मलाच वरडताव. आन् हा चहा? घेतला न्हाई व्हय? साहेबांना उभंच ठेवलाव? किती येळा सांगायचं तुमाला, सकाळची गोळी उपाशी पोटी..."

मामा तिच्याकडे बघत राहिले. चेहऱ्यावरून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचं भान नव्हतं. ते हसत होते.

"बोल," ते म्हणाले. "थांबू नको. बोल अजून."